पाहुणा क्रमांक अकरा

त्या आठवड्यात "काही मदत हवी आहे का?" असं मला एकदाच कुणीतरी विचारलं, आणि विचारणारा मीच बसवलेला प्रोग्राम होता. मी चक्क "हो" असं टाइप केलं. मग स्वतःचाच राग आला. ते पुसून टाकलं आणि वहीत लिहिलं: खोकं वेळेवर उघडतं, चाचणी पास.

डिसेंबर संपत आला होता. मी नाशिकला इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणारी माणसंही एव्हाना थकून गप्प बसली आहेत. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. सकाळी घंटागाडी येते तेव्हा कचरा द्यायला खाली उतरते. तिथे ओला कचरा आणि सुका कचरा यावरून गाडीवाल्याशी माझं भांडण होतं, आणि बरेचदा दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच असतं. म्हणून मी ते भांडण लवकर मिटवत नाही.

कंपनीला एका बड्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा होता. वेबसाइटवर कुणी आलं आणि जरा रेंगाळलं, की त्याने काही विचारायच्या आत आपणच कोपऱ्यात एक छोटं खोकं उघडायचं आणि म्हणायचं, नमस्कार, काही मदत हवी आहे का? त्याने काही लिहिलं तर इकडे बसलेल्या आपल्या माणसाने उत्तर द्यायचं. आमच्या धंद्यात याला लांबलचक इंग्रजी नावं आहेत, पण सगळ्याचा अर्थ इतकाच, की आधी आपण बोलायचं. माझ्या वाट्याला आलं होतं ते एक खोटं दुकान थाटणं, त्यात हे खोकं बसवणं, आणि जानेवारीतल्या एका शनिवारी ते बिनचूक चालवून दाखवणं.

आधी बोलायचं काम माझ्याकडे यावं, म्हणजे नशिबाची थट्टाच म्हणायची. आमच्या घराण्यात आधी बोलला तो हरला असं मानतात. वडिलांचा आणि काकांचा अबोला अकरा वर्षं चालला होता. आणि मी ज्या दिवसांबद्दल सांगते आहे त्या दिवसांत माझा आणि ताईचा अबोला चार वर्षांचा झाला होता.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. येवल्याला असते. ज्यांच्या घरात कधी अबोला नांदला नाही त्यांना वाटतं, अबोला म्हणजे संबंध तुटले. तसं नसतं. आम्ही लग्नकार्यात भेटायचो, एकाच पंगतीला बसायचो. हातभर अंतरावर बसलेली ताई मधल्या पोरीला सांगायची, तिला विचार भात हवा का, आणि मी त्याच पोरीला सांगायचे, सांग नको म्हणून. ती बिचारी पोर मान डावीकडे उजवीकडे करून दमायची.

कारण सांगते. आई ताईकडे असायची. एका गुरुवारी ताईचा फोन आला, आईला बरं नाही, ये. त्या आठवड्यात आमची एक साइट सुरू व्हायची होती. मी म्हटलं, शनिवारी सकाळी निघते. आई शुक्रवारी पहाटे गेली. नाशिकहून येवल्याला जायला अडीच तास पुरतात. गुरुवारी दुपारी निघाले असते तर संध्याकाळचा चहा मी आईजवळ बसून घेतला असता. हे मला कुणी सांगायला नको होतं. पण तेराव्याच्या दिवशी पंगती उठल्यावर ताई मागच्या पडवीत ताटं आवरत होती, मी पाणी प्यायला तिथे गेले, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आईने शेवटपर्यंत तुझं नाव काढलं नाही."

"बरंच झालं," मी म्हणाले. "तुझ्या एकटीचं पुरलं तिला."

झालं. दोन वाक्यं. त्यावर चार वर्षं गेली. चार संक्रांती आल्या, घरच्या ग्रुपवर तिळगुळाच्या वाट्यांची चित्रं फिरली, सगळ्यांनी सगळ्यांना गोड बोला म्हणून सांगितलं, आम्ही दोघींनीही सांगितलं, फक्त एकमेकींना सोडून. लोकांना वाटे मी भांडकुदळ म्हणून बोलत नाही. भांडकुदळ मी आहेच. पण खरं कारण दुसरं होतं. ताई लहानपणापासून खोटं बोलत नाही. शाळेत माझी छडी वाचवायलासुद्धा ती खोटं बोलली नव्हती. त्यामुळे ते वाक्य मला खरं मानावंच लागलं. आई दोन दिवस अंथरुणावर होती आणि तिला माझी आठवण आली नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मधेच ते आठवायचं आणि हातातलं काम थांबायचं.

तर खोटं दुकान. मी पैठणीचं दुकान थाटलं, कारण मला दुसरं कुठलंच दुकान आतून माहीत नाही. वडील येवल्यात एका पेढीवर साड्या दाखवायचे. शाळा सुटली की आम्ही दोघी बहिणी तिथे गादीच्या कोपऱ्यात बसून अभ्यास करायचो. म्हणजे ताई अभ्यास करायची आणि मी वडिलांकडे बघत बसायचे. गिऱ्हाईक बसलं की आधी पाणी. मग एक एक घडी उलगडायची आणि गप्प बसायचं. काय दाखवू, कितीपर्यंत दाखवू, असलं काही विचारायचं नाही. वडील म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नको, हाताकडे बघ. बोट एकाच काठावरून दुसऱ्यांदा फिरलं की मग तोंड उघडायचं. त्याआधी उघडलं तर गिऱ्हाईक बुजतं आणि फार उशिरा उघडलं तर उठून जातं.

कंपनीने मला खोकं वीस सेकंदांनी उघडायला सांगितलं होतं. मी चाळीस केले. शिवाय कुणी एकाच साडीच्या चित्रावर दुसऱ्यांदा परत आलं तर मग लगेच, असा दुसरा नियम घातला. आमची मॅनेजर वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, हुशार, पण घाईची. ती म्हणाली, चाळीस सेकंदांत लोक निघून जातात. मी म्हटलं, बसतं न बसतं तोच गिऱ्हाइकाच्या अंगावर जाणारं दुकान येवल्यात एक दिवस चाललं नसतं. ती हसली आणि चाळीस राहिले. तिसरा नियमही माझाच होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. एखाद्याने खोकं तीनदा बंद केलं, तर त्याला पुन्हा कधी विचारायचं नाही. नको म्हणणाऱ्याच्या मागे लागणं मला आवडत नाही.

एक गोष्ट मात्र तिने माझ्याकडून करून घेतलीच. गिऱ्हाईक खोक्यात जे लिहितं ते त्याने पाठवायच्या आधीच आमच्या पडद्यावर दिसायचं. अक्षर अक्षर उमटताना दिसायचं, आणि खोडलं तर खोडतानाही दिसायचं. का, तर उत्तर आधीच तयार ठेवता येतं. मी म्हटलं, हे दुसऱ्याचं पत्र चोरून वाचणं झालं. ती म्हणाली, सगळेच करतात, आणि बड्या गिऱ्हाइकाला तेच बघायचं आहे. मी कुरकुरत बसवलं.

साड्यांचे फोटो हवे होते. कुणाकडे मागायला गेले तर चार गोष्टी सांगाव्या लागतात, म्हणून कपाटातल्याच साड्या काढल्या, गॅलरीत उन्हात दोरीवर टाकल्या आणि मोबाइलवर फोटो घेतले. सगळ्यांत खाली आईची साडी होती. जांभळी, काठावर पोपटांची रांग. ती ताईने विणलेली. लग्न होऊन येवल्यातच दिलेली ताई सासूच्या हाताखाली मागावर बसायला शिकली, आणि तिची पहिली पुरी साडी तिने आईला दिली. आठ महिने लागले होते. मी नाशिकला हे घर घेतलं तेव्हा आईने वास्तुशांतीला ती मला नेसवली आणि परत घेतली नाही. त्या काठात एका पोपटाची चोच हिरवी आहे. बाकी सगळ्यांच्या लाल. लाल रेशीम संपलं होतं आणि ताईला धीर निघेना. आई कुणालाही साडी दाखवताना आधी तो पोपट दाखवायची.

फोटो चढवले आणि खाली मजकूर टाकायचा होता. मी एकाच साडीचा मजकूर लिहिला आणि दहाही साड्यांना तोच चिकटवला: सेमी पैठणी, यंत्रमागावरची, रोजच्या वापराला उत्तम. मला काय, नमुना तर होता.

मग चाचणी. पहिले चार दिवस मीच गिऱ्हाईक आणि मीच दुकान. लॅपटॉपवर दुकानाची बाजू, हातात मोबाइलवर गिऱ्हाइकाची. मी चिडकं गिऱ्हाईक व्हायचे, मुकं गिऱ्हाईक व्हायचे, नुसतं भाव विचारून पळणारं व्हायचे. एकदा मोबाइलवरून दुकानाला इतकं तोडून बोलले, की लॅपटॉपवर "क्षमस्व, आपली गैरसोय झाली" असं उत्तर टाइप करताना मलाच वाईट वाटलं. खोलीत दोन्ही बाजूंनी मीच बोलत होते आणि आवाज एकाही बाजूने नव्हता. मी एकटी राहते याचं मला एरवी काही वाटत नाही, पण त्या चार दिवसांत फार वाटलं.

माझ्या एकटीवर चाचणी पुरी होईना. वेगवेगळे फोन हवे होते. शेवटी घरच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि लिहिलं, माझ्या कामासाठी दोन मिनिटं हे दुकान उघडून बघा, खरेदी नाही. पंधरा जणांनी अंगठे दाखवले. उघडलं आठ-दहा जणांनी. दुकानाच्या बाजूने नावं दिसत नाहीत. आलेल्याला एक नंबर मिळतो, पाहुणा एक, पाहुणा दोन, आणि तो पडद्यावर असेपर्यंत नावापुढे हिरवा ठिपका. त्याच फोनवरून परत आला तर तोच नंबर. मामेभाऊ कोण ते मला लगेच कळलं, त्याने खोक्यात "जेवण कुठंय" असं विचारलं होतं. बाकीचे आले, गेले, संपलं.

पाहुणा क्रमांक अकरा सोमवारी दुपारी तीन वाजता आला. सरळ जांभळ्या साडीवर गेला. चाळीस सेकंदांनी खोकं उघडलं. त्याने बंद केलं आणि गेला.

मंगळवारी तीन वाजता तोच ठिपका. तीच साडी. खोकं उघडलं. या वेळी खोक्यात अक्षरं उमटायला लागली, एका बोटाने लिहिणाऱ्या माणसाची, थांबत थांबत. "ही सेमी नाही." मग ते मागून पुढे एक एक अक्षर खोडलं गेलं. पुन्हा आलं. "हातमागाची आहे. आठ महिने" आणि तेही खोडलं. खोकं बंद. ठिपका गेला.

आठ महिने ही गोष्ट त्या ग्रुपवर ताई आणि मी सोडून कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि मी काय केलं होतं? ताईच्या हाताची पहिली साडी जगाला दाखवली होती यंत्रमागावरची म्हणून. येवल्यात एखाद्या विणणारीच्या तोंडावर असं म्हणून बघा. शिवी परवडली. तिने वाचलं, तिला लागलं, दुसऱ्या दिवशी सांगायला आली आणि अबोला आठवून परत फिरली.

मी ताबडतोब मजकूर बदलला. हातमागावर विणलेली, अस्सल येवला पैठणी, आठ महिन्यांचं काम. आणि खाली लिहिलं, काठातला एक पोपट वेगळा आहे, शोधून बघा. फोन करावा असं क्षणभर मनात आलं. नंबर पाठ होता. पण चार वर्षं थांबल्यावर पहिलं वाक्य कुठून आणायचं, ते मला सापडेना, आणि खोटं कशाला बोलू, मी का आधी, असंही वाटलं.

बुधवारी तीनला मी कामं आवरून लॅपटॉपसमोर तयार बसले होते. ठिपका आला. खोकं उघडलं. "आता बरोबर" असं उमटलं. पाठवलं नाही. खोडलं. खोकं तिसऱ्यांदा बंद झालं. आणि माझ्या त्या अभिमानाच्या नियमाने आपलं काम केलं. पाहुणा क्रमांक अकराला दुकानाने पुन्हा काही विचारायचं नाही, अशी खूण पडली.

मला ते दिसलं. नियम एका बटणात काढता आला असता. मी काढला नाही. मला वाटलं, तिला विचारलेलं आवडत नाही, साडी बघायला येते, बघू दे बापडीला. म्हणजे नेहमीप्रमाणे मी माझ्या सोयीचं वाटून घेतलं.

ती येत राहिली. रोज तीनला. आधी सहा मिनिटं थांबली, मग नऊ, एकदा तर वीस मिनिटं. साडीवरच. काही लिहायची सोय नव्हती, खोकं उघडतच नव्हतं. मी तीनच्या आधी चहा टाकायला लागले. कप घेऊन बसायचं आणि ठिपक्याकडे बघायचं. मला माहीत होतं तिच्याकडे आता दुपारी कुणी नसतं. भाऊजी दुकानात, मुलगा सून पुण्याला, माग दोन वर्षांपासून झाकून ठेवलेला, तिचे गुडघे दुखतात म्हणून. ही सगळी बातमी मला इतरांकडून मिळायची. तिकडे ती, इकडे मी, मधे आईची साडी. आम्ही दोघी रोज एकत्र बसत होतो आणि तिला ते ठाऊक नव्हतं. हा माझा त्या दिवसांतला सगळ्यांत चांगला वेळ होता, हे लिहायला लाज वाटते, पण होता.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी अकरा वाजता नमुना दाखवला. सगळं सुरळीत झालं. बड्या गिऱ्हाइकाच्या माणसांना चाळीस सेकंदांचं कौतुक वाटलं, आणि लिहिता लिहिता दिसणारी अक्षरं बघून तर ते खूशच झाले. मॅनेजरने शाबासकी दिली, पुढचं काम माझ्याकडेच येणार म्हणाली, आणि शेवटी सहज म्हणाली की नमुना आज संध्याकाळपर्यंत काढून टाका, जागा मोकळी करायची आहे.

फोन ठेवला तेव्हा बारा वाजत आले होते. मी नेहमीसारखा कुकर लावला आणि जेवले नाही. दुकान संध्याकाळी गेलं की ताई उद्या तीन वाजता येणार, तिथे काही नसणार, आणि ती मला विचारणार नाही. का बंद केलंस, असं विचारायला तोंड उघडावं लागतं. मग आणखी चार वर्षं. ताई साठीला आली आहे, मीही काही कोवळी राहिले नाही. आमच्या घराण्यात एक अबोला असाच राहिला होता. वडील काकांच्या अंत्ययात्रेत चालले, आणि घरी येऊन न्हाणीघरात दार लावून बसले होते. ते दार मला त्या दुपारी सारखं आठवत होतं.

तीन वाजता ठिपका आला. जांभळी साडी. चाळीस सेकंद झाले, दुकान गप्प. मी नियम काढला आणि हाताने खोकं उघडलं. आता लिहायचं मला होतं.

आधी लिहिलं, ताई, माझं चुकलं, मी गुरुवारीच यायला हवं होतं. खोडलं. मग लिहिलं, ताई, तू तेव्हा असं का बोललीस. खोडलं. मग आणखी काहीतरी, त्यात चार वर्षांचा हिशेब होता, तोही खोडला. माझं खोडलेलं तिला दिसत नव्हतं. तिचं मला दिसायचं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला या गोष्टीची शरम वाटली. पाच मिनिटं होऊन गेली होती. ती आता उठेल या भीतीने मी हाताला आलं ते लिहून पाठवून दिलं.

"ताई, जेवलीस का?"

ठिपका जागेवर राहिला. काही उमटेना. मला वाटलं, फोन ठेवून निघून गेली. मग एका बोटाची ती अक्षरं यायला लागली, आणि या वेळी तिने पाठवलं.

"इतके दिवस गप्प होतं. मला वाटलं तुझं दुकानपण रुसलं."

मी हसले आणि रडले. दोन्ही एकदम झालं. साडी बघायला नव्हती येत ती. म्हणजे साडीही बघत असेल, पण वीस वीस मिनिटं ती थांबायची ते कुणीतरी विचारेल म्हणून. तीनदा बंद केलं ते मानाने, आणि चौथ्यांदा विचारलं असतं तर तिला हवंच होतं. वडिलांच्या गादीशेजारी बसून मी हात बघायला शिकले होते म्हणे. कपाळ माझं.

मी उत्तर लिहायला घेणार तेवढ्यात तिच्या बाजूने पुन्हा अक्षरं उमटायला लागली. हळूहळू.

"आई दोन्ही दिवस तुलाच हाक मारत होती. मी रागाने"

तिथे थांबलं. बराच वेळ थांबलं. मी पडद्यावर हात ठेवला, जणू धरून ठेवता आलं असतं. मग शेवटून खोडायला सुरुवात झाली. रागाने गेलं. मी गेलं. हाक गेली. आई सगळ्यांत शेवटी गेली. खोकं कोरं झालं. आणि मग जे तिने पाठवलं ते इतकंच होतं.

"हो. तू?"

मी लिहिलं, नाही. तिने लिहिलं, तीन वाजून गेले, आधी जेव, मी थांबते. मी गार वरणभात ताटात घेतला आणि लॅपटॉपसमोर बसून जेवले. शेवटचा घास होईपर्यंत ठिपका हिरवा होता.

संध्याकाळी नमुना काढला. आता आम्ही फोनवर बोलतो, दुपारी तीनला. गुडघे, सून, कांद्याचा भाव, घंटागाडीवाला, सगळं बोलतो. मधे मी ती साडी घेऊन येवल्याला दोन दिवस राहून आले, तिने त्याच पडवीत बसून मला साडीतला हिरव्या चोचीचा पोपट पुन्हा दाखवला. ते वाक्य मात्र ती अजून बोललेली नाही. कधी कधी बोलता बोलता एकदम थांबते, आणि मला कळतं की ओठांवर आलं आहे. मग ती विचारते, बाकी काय. मी कसं सांगू, की मी वाचलं आहे? सांगितलं तर तिने खोडलेलं मी चोरून बघितलं हे तिला कळेल. तिच्या खोटं न बोलण्याचा केवढा मान होता आमच्या घरात. तो तिचा तिने उतरवला तर उतरवावा, मी हिसकावणार नाही.

म्हणून मी थांबते. आईने मला हाक मारली होती. चार वर्षं मला हेच हवं होतं. आणि हे जाऊन जिला सांगावं अशी जगात एकच व्यक्ती आहे, आणि तिलाच ते सांगता येत नाही.